नाशिकचा बिनविरोध कौल

सप्टेंबर २०२५ मध्ये मिग-२१ विमानांनी भारतीय हवाई दलाचा निरोप घेतला. या विमानांच्या बांधणीचा कारखाना नाशिकजवळ ओझर येथे उभा राहिला, हे सर्वश्रुत आहे. मात्र त्या काळात नाशिकचे लोकसभेत प्रतिनिधित्व कोण करीत होते, याचे स्मरण क्वचितच होते.

कऱ्हाडात वकिली करणारे यशवंतराव चव्हाण १९४२ च्या आंदोलनात उतरले आणि कोर्टाची वाट मागे पडली. १९६० मध्ये ते महाराष्ट्राचे पहिले मुख्यमंत्री झाले. चिनी आक्रमणानंतर नोव्हेंबर १९६२ मध्ये संरक्षणमंत्री. १९६३ च्या पोटनिवडणुकीत नाशिकने त्यांना बिनविरोध लोकसभेत पाठविले. बिनविरोध निवड हा बहुमान खरा. परंतु तीत मतदाराला मत देण्याची संधीच राहत नाही. म्हणूनच अशा प्रतिनिधीवरील ऋण अधिक असते.

हे ऋण चव्हाणांनी परराष्ट्रांच्या दारी फेडले. मे १९६४ मध्ये ते शस्त्रसाहाय्यासाठी अमेरिकेत असतानाच पंडित नेहरूंचे निधन झाले. पाकिस्तानला मिळालेली स्टारफायटर विमाने भारताला देण्यास अमेरिका राजी झाली नाही. त्याच वर्षी चव्हाण मॉस्कोला गेले आणि आधीच ठरलेल्या मिग-सहकार्याला बळकटी आली. सांगाडा ओझरला, इंजिन कोरापुटला, इलेक्ट्रॉनिक उपकरणे हैदराबादला, अशी कामाची विभागणी झाली. आयात विमानापेक्षा विमान बांधण्याची विद्या मोलाची, हे त्यामागचे सूत्र होते.

खरी कसोटी जानेवारी १९६६ मध्ये ताश्कंदला लागली. जवानांनी रक्त सांडून जिंकलेली हाजीपीर खिंड परत करण्याच्या वाटाघाटींत शास्त्रीजींसमवेत संरक्षणमंत्रीही होते. त्या कराराविषयीचा वाद आजही शमलेला नाही. तथापि उभय पक्षांनी काही सोडल्याखेरीज तडजोड होत नाही, हे वकिलाला वेगळे सांगावे लागत नाही.

१९६७ मध्ये चव्हाण साताऱ्यातून निवडून गेले. पुढे १९७४ ते १९७७ या काळात परराष्ट्रमंत्री झाले. नाशिकशी त्यांचे प्रतिनिधित्वाचे नाते जेमतेम चार वर्षांचे. ओझरचा कारखाना मात्र राहिला, पिढ्यान्‌पिढ्यांच्या कारागिरांना विद्या देत राहिला. मतदारसंघाच्या वेशीपलीकडे पाहणारा प्रतिनिधी मतदारसंघाला पारखा होतोच असे नाही, याची ही साक्ष आहे. बिनविरोध कौल मागणाऱ्या प्रत्येकाने ती वाचावी.