पन्हाळा परिसरातील औद्योगिक ग्रामपर्यटन

जुन्या गिरण्या, लोखंडाच्या भट्ट्या व ओतशाळा यांच्याभोवती वसलेली गावे प्रेक्षणीय स्थळे म्हणून पाहण्याची प्रथा यूरोपात विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात रूढ झाली. इंग्लंडमधील कोलब्रुकडेल येथे एब्राहॅम डार्बी याने १७०९ मध्ये कोकवर लोखंड गाळण्यास प्रारंभ केला. तेथील सेव्हर्न नदीवर १७७९ मध्ये उभारलेला ओतीव लोखंडाचा पूल व भोवतीचे खोरे यांस १९८६ मध्ये जागतिक वारसास्थळाचा दर्जा मिळाला. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क हे सूतगिरणीचे गाव व स्वीडनमधील एंगल्सबर्ग हा लोखंडाचा कारखाना यांनाही पुढे तो लाभला. महाराष्ट्रात अशा प्रवासाची प्रथा अद्याप पडलेली नाही; तथापि पन्हाळ्यास मुक्काम करून पाहता येतील अशी स्थळे कोल्हापूर व सांगली जिल्ह्यांत आहेत.

पन्हाळा हे कोल्हापूरच्या वायव्येस सु. २० किमी.वरील थंड हवेचे ठिकाण आहे. उन्हाळ्यात कोल्हापूर शहराच्या मानाने येथील हवा सुखद असते. शिलाहार राजा दुसरा भोज याने बाराव्या शतकाच्या अखेरीस बांधलेला हा किल्ला १७८२ पर्यंत कोल्हापूर राज्याची राजधानी होता. २०२५ मध्ये मराठा लष्करी स्थापत्यातील बारा किल्ल्यांपैकी एक म्हणून त्याचा जागतिक वारसा यादीत समावेश झाला. प्रवासी येतात ते तीन दरवाजा, सज्जा कोठी आणि गंगा, यमुना व सरस्वती ही अंबरखान्याची धान्यकोठारे पाहण्यासाठी. या भागाचा लोखंडाशी असलेला जुना संबंध सहसा कोणी सांगत नाही.

पन्हाळा, विशाळगड व भुदरगड या डोंगराळ भागांतील जांभ्याच्या पठारांवर लोहखनिज आढळते. सह्याद्रीत अशा खनिजापासून लोखंड काढण्याचा व्यवसाय धावड नावाच्या लोकांकडे होता. मातीच्या लहान भट्टीत खनिज व लोणारी कोळसा यांचे थर देऊन भात्याने वारा घालीत. तळाशी जमलेला लोखंडाचा सच्छिद्र गोळा तापवून व ठोकून त्यातील धातुमळी काढून टाकीत. या रीतीस कोळसा फार लागे. एकोणिसाव्या शतकात परदेशी लोखंड स्वस्तात येऊ लागले व जंगलतोडीवर निर्बंध आले, तेव्हा हा धंदा बसला. मागे राहिली ती मुख्यतः धातुमळी. ती सामान्य दगडासारखी दिसत असल्यामुळे जाणकाराखेरीज कोणाच्या लक्षात येत नाही, आणि किल्ल्याच्या तटाला मिळणारे संरक्षण तिला मिळत नाही.

लोखंडाचा पुढचा अध्याय किर्लोस्करवाडी (जि. सांगली) येथे पाहावा. लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी बेळगाव येथे १९०३ च्या सुमारास लोखंडी नांगर तयार केला. परंतु लोखंडाच्या स्पर्शाने जमीन विषारी होते, या समजुतीमुळे प्रारंभी त्यास गिऱ्हाईक मिळेना. पुढे नगरविस्तारासाठी बेळगावची जागा सोडावी लागली. औंधचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड रेल्वे स्थानकाजवळ निवडुंगाने भरलेला माळ दिला व १९१० मध्ये तेथे कारखाना आणि वसाहत यांची उभारणी सुरू झाली. नांगर, उसाचे चरक, कडबा कापण्याची यंत्रे इ. शेतीची अवजारे येथे होऊ लागली. कामगारांची घरे व शाळा कारखान्याच्या बरोबरीने वाढली. याच माळावरून १९२० मध्ये निघालेल्या ‘किर्लोस्कर खबर’ या पत्रिकेचे पुढे ‘किर्लोस्कर’ मासिक झाले. ओतशाळेच्या गावाने मराठी वाङ्मयाला एक महत्त्वाचे नियतकालिक द्यावे, असे उदाहरण विरळाच.

पहिल्या महायुद्धात ओतकामास लागणारे कच्चे लोखंड मिळेनासे झाले. त्या वेळी छत्रपती शाहू महाराजांनी पन्हाळ्यावर निरुपयोगी होऊन पडलेल्या तोफा किर्लोस्करांना दिल्या व त्या वितळवून नांगर ओतण्यात आले, असे सांगतात. इतिहासाच्या अभ्यासकास या तोफांबद्दल हळहळ वाटणे स्वाभाविक आहे; परंतु ज्या राज्यकर्त्याने धरण, बाजारपेठ व गिरणी यांवर आपली शक्ती वेचली, त्याच्या धोरणाशी ही गोष्ट सुसंगतच होती.

ती गिरणी म्हणजे १९०६ मध्ये कोल्हापुरात स्थापन झालेली शाहू मिल. तिच्या भोंग्यावर शहराचा दिवस चाले. २००३ मध्ये ती बंद पडली. तिच्या जागी शाहू महाराजांचे स्मारक उभारण्याची योजना पुढे आलेली आहे. त्यात जुन्या शेडी व धुराडे यांचे काय होणार, यावर तिचे औद्योगिक वारसा म्हणून मूल्य अवलंबून राहील. इचलकरंजी येथे विठ्ठलराव दातार यांनी १९०४ मध्ये पहिला यंत्रमाग बसविला. तेथील जहागीरदार नारायणराव घोरपडे यांच्या उत्तेजनाने हा उद्योग वाढला व तो आजही चालू आहे. पन्हाळा तालुक्यातच तात्यासाहेब कोरे यांच्या पुढाकाराने १९५० नंतरच्या दशकात सहकारी साखर कारखान्याभोवती वारणानगर वसले.

या प्रवासास उन्हाळा सोयीचा असला, तरी एक अडचण राहते. उसाचा गळीत हंगाम साधारणतः उन्हाळ्याच्या तोंडाशी संपतो. त्यामुळे मे महिन्यात साखर कारखाना दुरुस्तीत गुंतलेला व गुऱ्हाळाच्या चुली थंड असतात. रस काहिलीत आटताना पाहावयाचा असल्यास हिवाळ्यात यावे. किर्लोस्करवाडी मिरज-पुणे लोहमार्गावर आहे. तेथील कारखाना चालू असल्याने आत जाण्यास पूर्वपरवानगी लागते. वसाहत पाहण्यास मात्र पन्हाळ्याहून सकाळी निघाल्यास एक दिवस पुरतो.