मोटारीचा पाण्याचा पंप घरीं उतरवितांना

साध्या पेट्रोल-एंजिनांत इंधनापासून मिळणाऱ्या उष्णतेचा पाव ते एकतृतीयांश भागच गाडी ओढण्याच्या कामीं येतो. उरलेली उष्णता कांहीं धुराबरोबर जाते, तर कांहीं फिरत्या पाण्याला वाहून न्यावी लागते. तें पाणी फिरतें ठेवणारा पंप थकला, म्हणजे एंजिन थोड्याच वेळांत इतकें तापतें कीं, सिलिंडर-हेड वांकण्याचा प्रसंग येतो.

पंप बिघडल्याचीं ठळक लक्षणें दोन. पंपाच्या दांड्याखालील बारीक छिद्रांतून पाणी ठिबकूं लागलें, तर आंतील सील झिजलें असें समजावें. एंजिन बंद असतांना पंखा हातानें हलवून पाहावा. तो डुगडुगत असेल, तर बेअरिंग गेलें.

कामाला हात घालण्यापूर्वीं एंजिन पूर्ण थंड झालें पाहिजे. रेडिएटरांतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांच्या वर तापूनही उकळत नाहीं. झांकण फिरवितांच दाब उतरतो, त्याच पाण्याची वाफ होते व उकळतें पाणी अंगावर उसळतें. क्षणाची घाई आणि जन्माचा डाग, असा हा व्यवहार आहे.

उत्तरपाडा येथें १९५७ ते २०१४ या काळांत तयार झालेल्या ॲम्बॅसडरपैकीं १४८९ घन सेंटिमीटरच्या एंजिनाची गाडी या कामाला सोयीची. कारण तिचा पंप एंजिनाच्या तोंडाशींच बसविलेला असतो. प्रथम बॅटरीची तार सोडवावी. तळाची तोटी उघडून पाणी भांड्यांत घ्यावें. डायनामोचे बोल्ट सैल करून तो एंजिनाकडे ढकलला, कीं पट्टा निघतो. नंतर पंखा व पुली काढावी, खालची रबरी नळी सोडवावी, आणि डायनामोला पंपाशीं जोडणारा बोल्ट काढावा. शेवटीं पंपाचे चार बोल्ट. प्रत्येक बोल्ट कोठला, हें पुठ्ठ्यावर आकृति काढून त्यांतच खोंचून ठेवावें. पंप चिकटून बसला असेल, तर लांकडी हातोडीनें हलकेच ठोकावा. स्क्रूड्रायव्हरनें उचकटूं नये, कारण तेथें पडलेल्या ओरखड्यांतून पुढें पाणी गळतें. जुनें पॅकिंग खरवडून पृष्ठभाग स्वच्छ करावा व नवा पंप नव्या पॅकिंगवरच बसवावा. बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळावे. पट्टा मध्यभागीं दाबला असतां सुमारें अर्धा इंच लवला, म्हणजे ताण योग्य झाला.

काढलेल्या पाण्यांत बहुधा एथिलीन ग्लायकॉल असतें. तें चवीला गोडसर, पण मूत्रपिंडें निकामी करणारें विष आहे. म्हणून तें भांडें मुलांच्या वा कुत्र्यामांजरांच्या वाटेंत क्षणभरही उघडें ठेवूं नये, व स्वयंपाकघरांत परत नेऊं नये.

पुष्कळ नव्या गाड्यांत पंप टायमिंग बेल्टवर चालतो. तो पट्टा बसवितांना एखादा दांता चुकला, तरी झडपांची वेळ बिघडते, आणि कांहीं एंजिनांत झडपा पिस्टनवर आदळून मोठा खर्च उभा राहतो. अशा गाडीचें काम कुशल कारागिराकडेच सोंपविणें शहाणपणाचें.