काटा आधी तपासा



माझा भाचा नेगेवमध्ये शेती करतो. त्याच्या ट्रॅक्टरला उपग्रहांवरून दोन-तीन सेंटिमीटरपर्यंत नेमकी जागा कळते. त्यासाठी शेडजवळ खांबावर एक अँटेना कायमची बसवली आहे. तिला बेस म्हणतात. आपली जागा पक्की धरून ती उपग्रहांच्या मापातली चूक काढते आणि ट्रॅक्टरला कळवते.

एकदा नांगराने जमिनीखालच्या ठिबकच्या नळ्या कापल्या! भाचा ट्रॅक्टरला दोष देऊ लागला. 2024 मध्ये लढाईमुळे आपल्या मोबाईलवर बैरूत दिसायचं, तसंच असेल असंही म्हणाला. पण सगळ्या ओळी एकाच बाजूला, सारख्याच सरकल्या होत्या. वॉर्डात सगळ्याच रुग्णांचं वजन दोन किलोने वाढलेलं दिसलं, तर आम्ही नर्सेस आधी काटा तपासायचो.

तेच निघालं. वीज गेल्यावर बेसने आपली जागा नव्याने अंदाजाने ठरवली होती. ती मीटरभरही चुकू शकते आणि तेवढाच ट्रॅक्टर सरकतो.

आता नीट मोजलेली जागा बेसमध्ये कायमची भरली आहे. चूक सारखी न राहता उड्या मारत असेल, तर मात्र जवळचं झाड, भिंत, पत्रा पाहा. अँटेनाला उघडं आकाश हवं.