घाटावरचा मल्चिंग पेपर, घाटाखालची पऱ्हाटी

बुलढाणा जिल्ह्याच्या घाटावरील भागात, विशेषतः देऊळगाव राजा व सिंदखेड राजा तालुक्यांत, शेडनेटमधील भाजीपाला बीजोत्पादन, अस्तर घातलेली शेततळी आणि मिरची-टरबुजाच्या वाफ्यांवर अंथरलेला प्लास्टिकचा मल्चिंग पेपर यांमुळे प्लास्टिक शेतीत मुरले आहे. मात्र वापर संपल्यावर हे सारे प्लास्टिक एकाच पंक्तीत बसत नाही. शेततळ्याचे अस्तर साधारणतः 500 मायक्रॉन, म्हणजे अर्धा मिलिमीटर जाड असते, एकाच जागी मिळते आणि भंगारात खपते. मल्चिंग पेपर जेमतेम 25-30 मायक्रॉनचा. मुळांत आणि काळ्या मातीत रुतलेला तो ओढताच फाटतो, आणि गोळा केलेल्या ढिगाच्या वजनात अनेकदा निम्म्याहून अधिक मातीच असते. असा माल भंगारवाल्याने नाकारला तर त्यात त्याची चूक नाही. मग तो धुऱ्यावर पेटवला जातो किंवा रोटाव्हेटरखाली तुकडे होऊन जमिनीतच राहतो.

या कागदाला संमिश्र पदार्थाची, म्हणजे भिन्न गुणांचे दोन घटक आपापले रूप राखून एकत्र बांधलेल्या पदार्थाची, वाट खुली आहे. पॉलिथिलीन सुमारे 105 ते 130 अंश सेल्सिअसला वितळते, तर वनस्पतींचे तंतू 200 अंशांच्या पुढे करपू लागतात. या मधल्या तापमानात वितळलेल्या प्लास्टिकमध्ये पऱ्हाटीचा, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या झाडांचा, भुसा मळता येतो. पऱ्हाटी घाटाखालच्या कापूसपट्ट्यात मुबलक आहे आणि तिच्यापासून पार्टिकल बोर्ड करण्याचे तंत्र मुंबईच्या केंद्रीय कापूस प्रौद्योगिकी संशोधन संस्थेने विकसित केलेले आहे. तंतू पाणी ओढतात, प्लास्टिक ते झिडकारते. म्हणून दोघांना धरून ठेवणारे, मॅलेइक अनहायड्राइड जोडलेले पॉलिथिलीन थोडेसे मिसळावे लागते. फळ्या, कुंपणाचे खांब, मालाखालचे पॅलेट यांसाठी हे मिश्रण चालते. घराच्या तुळईसाठी मात्र नाही, कारण सततच्या भाराखाली ते हळूहळू वाकते.

खरी अडचण हे मिश्रण मळणाऱ्या यंत्राआधीची आहे. मातीतील वाळू यंत्राचा स्क्रू झिजवते, उरलेल्या ओलीची वाफ होऊन फळीत पोकळ्या पडतात, आणि धुण्यासाठी लागणारे पाणी या जिल्ह्यात उन्हाळ्यात पिण्यालाही पुरत नाही. त्यामुळे वाफा सुकल्यावर कागद काढून, झटकून, कोरडाच चाळणे भाग आहे. कागद शेतातून नीट निघणे हीच पहिली पायरी आहे; चीनने तर 2018 पासून मल्चिंग फिल्मची किमान जाडीच 10 मायक्रॉन ठरवली, कारण त्याहून पातळ फिल्म शेतातून उचलताच येत नव्हती.

आपल्याकडे 2018 च्या राज्याच्या प्लास्टिकबंदीतून शेतीचे प्लास्टिक वगळले गेले आणि 2022 मध्ये उत्पादकांवर टाकलेली प्लास्टिक कचऱ्याची जबाबदारी पॅकेजिंगपुरती राहिली, त्यामुळे वापरलेल्या मल्चिंग पेपरला वाली उरला नाही. याउलट फ्रान्समध्ये 2001 पासून आदिवालोर ही संस्था उत्पादकांच्या वर्गणीवर चालते, आणि शेतकरी वर्गवारी केलेला कागद विक्रेत्याकडे वा सहकारी संस्थेकडे आणून देतो.