पुस्तकातल्या चौकोनाचं गाव

आपल्या मुलांच्या पाठ्यपुस्तकात क्यूआर कोड छापलेला असतो. त्याची सुरुवात सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीत झाली.

रणजितसिंह डिसले २००९ मध्ये तिथल्या जिल्हा परिषद शाळेत रुजू झाले, तेव्हा मोडकळीला आलेल्या शाळेला एकीकडून गोठा, दुसरीकडून कोठार. सरांनी पुस्तकांना कोड जोडले. स्कॅन केलं की कविता ऐकू येई, धड्याचा व्हिडिओ दिसे. पुढे ही कल्पना राज्याच्या पाठ्यपुस्तकांत आली. त्यांच्या आणखी एका उपक्रमातून भारत-पाकिस्तानची मुलंही एकमेकांशी बोलली!

त्यांना २०२० चा ‘ग्लोबल टीचर प्राइज’ हा पुरस्कार मिळाला. निम्मी रक्कम त्यांनी उरलेल्या नऊ अंतिम स्पर्धकांना वाटून दिली. खरे गुरुजी!

आज मुलांसोबत एक तरी कोड उघडून बघा.