बी चावून बघा

आबांनी घडाच्या टोकाचा एक मणी तोडून माझ्या तळहातावर ठेवला. "गोडीकडं लक्ष देऊ नका, ती काय येतेच. आधी साल चावा. मग बी चावून बघा."

मार्चचा पहिला आठवडा, सकाळचे साडेसहा. नाशिकहून वणीकडे जाताना दिंडोरी ओलांडली की दोन्ही हातांना बागाच बागा लागतात. त्यांतली ही साडेतीन एकरांची. अंगात स्वेटर लागत होता आणि दुपारी पारा तिशीपार जाणार होता. तळहातावरचा मणी वाइनच्या द्राक्षाचा, कॅबर्ने सोव्हिन्यॉंचा. आपल्या डोळ्यांना सवय सोनाकाच्या लांबट, टपोऱ्या मण्यांची. हा वाटाण्याहून थोडा मोठा, काळपट निळा, वर राखेसारखा पातळ थर. गर नावापुरता, बाकी जाड साल आणि दोन बिया. साल चावत गेले तशी जांभळाची चव आली. मग बी फुटली आणि जिभेच्या दोन्ही कडा एकदम आखडल्या.

"कच्च्या सुपारीसारखं लागतंय," मी म्हणाले.

"मग अजून चार दिवस," असं म्हणून आबा पुढच्या ओळीत शिरले.

त्यांच्या मुलाच्या हातात रिफ्रॅक्टोमीटर होता. त्यात २४ ब्रिक्स साखर दिसत होती, म्हणजे साधारण साडेतेरा टक्के अल्कोहोल होईल एवढी. बागायतदारांच्या भाषेत मालाला शुगर लागली होती. पण ते यंत्र रसाची साखर मोजतं, बी पिकली की नाही ते दातांनाच कळतं. पिकलेली बी तपकिरी होते, चावली की कट्‌ करून फुटते आणि भाजलेल्या दाण्यासारखी लागते. हिरवी बी चामट असते, ती तोंड धरते. रेड वाइन साली-बियांसकट आंबवतात, त्यामुळे आज बियांमध्ये जे असेल ते बाटलीत उतरणारच.

आबा पंचाहत्तरीच्या पुढचे, गळ्यात तुळशीची माळ, आषाढीची वारी न चुकवलेले. वाइनचा थेंब त्यांनी कधी चाखलेला नाही आणि चाखणारही नाहीत. तरी या घरची वाइन कशी लागणार ते दरवर्षी तेच ठरवतात, या सकाळच्या फेरीत. माळ आणि हा धंदा यांची सांगड घरात कशी बसली, हे मी पहिल्याच भेटीत विचारलं होतं. त्यांनी सरळ सांगितलं, "द्राक्ष पिकवणं माझं काम. ते मी पांडुरंगाला सांगून करतो. पुढचं काम सूनबाईचं."

त्यांच्या घरात ही काळी द्राक्षं आली २००६ मध्ये. सुलाची पहिली वाइन २००० मध्ये बाजारात आली होती. राज्य सरकारनं २००१ मध्ये द्राक्षप्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं आणि पुढच्या पाच-सहा वर्षांत नाशिक जिल्ह्यात वायनरीवाले करार घेऊन शेतकऱ्यांच्या दारात येऊ लागले. आबांनी दीड एकर कॅबर्ने आणि दोन एकर शिराझ लावलं. तिसऱ्या वर्षी वेल भरात आले तेव्हा मंदीनं बाजार बसला होता. करार करणाऱ्या वायनरीनं एक हंगाम माल उचलला, त्याचे निम्मे पैसे दिले आणि नंतर फोन उचलणं बंद केलं. वाइनची द्राक्षं फळबाजारात कोण घेणार? बी मोठी, साल जाड, मणी बारका. शेजारच्या कित्येकांनी कुऱ्हाड लावली, काहींनी खोडावर थॉमसनची कलमं बांधली. आबांच्या घरी त्याच सुमारास सून आली. माहेर तासगावचं, म्हणजे बेदाण्याच्या बाजारपेठेचं, आणि हातात मायक्रोबायोलॉजीची पदवी. घरचीच वायनरी काढायला त्यांनी सासऱ्यांकडे दोन वर्षांची मुदत मागितली. परवाना मिळवण्यातच तीन वर्षं गेली. आबांनी वेल राखले.

या वहिनींनीच मला समजावलं की इथे बीवर एवढी नजर का ठेवावी लागते. द्राक्षवेल मुळात थंडीत पानं गाळून झोपणारा. नाशिकला तो झोपत नाही, म्हणून माणसानं वर्षातून दोनदा कात्री चालवायची. एप्रिलमध्ये खरड छाटणी, तिच्यावर काडी तयार होते. ऑक्टोबरमध्ये गोडी छाटणी, तिच्यावर घड धरतात. फ्रान्समधल्या बोर्दोत द्राक्ष पिकतं ते उन्हाळा उतरताना, शेवटचे दिवस गार होत जातात आणि साखर सावकाश चढते. आपल्याकडे उलटं आहे. मणी रंगावर येतो थंडीत आणि पिकत जातो तसा उन्हाळा चढत जातो. ऊन वाढलं की साखर धावते, आंबटपणा झपाट्यानं उतरतो, बी मात्र तिच्या चालीनंच पिकते. साखरेवर भाळून लवकर खुडलं तर हिरव्या बियांची वाइन, बियांची वाट फार पाहिली तर काकवीसारखी जड, आंबटपणा हरवलेली वाइन. मधे चार-पाच दिवस सापडतात, एवढंच.

आबांना या द्राक्षांसाठी हात नव्यानं वळवावा लागला. टेबल द्राक्षात सगळी मेहनत मणी फुगवण्याची. जीए या संप्रेरकाच्या द्रावणात घड बुडवायचे, विरळणी करायची, पाणी मोजून पण भरपूर द्यायचं. इथे मणी फुगला की घात. रंग, वास, तुरटपणा सगळं सालीत आणि बीत असतं. मणी लहान तर रसाच्या मानानं साल जास्त. म्हणून ठिबक आखडतं घ्यायचं, वेलाला थोडी तहान लागू द्यायची, एकरी दहा टनांचा मोह सोडून चार-साडेचारवर थांबायचं. "वेल मागत असतो आणि आपण द्यायचं नाही, हे पहिली दोन वर्षं जिवावर यायचं," आबा म्हणाले.

खुडा पाचव्या दिवशी झाला. पेठ-सुरगाण्याकडून आलेल्या बायका पहाटे पाचला डोक्याला बॅटऱ्या बांधून ओळीत उभ्या होत्या. गार घड टाकीत गेला तर आंबणं ताब्यात राहतं, म्हणून नऊच्या आत काम उरकायचं. घड हातात घ्यायचा, देठ कापायचा, सुकलेले मणी झटकायचे आणि क्रेटमध्ये अलगद ठेवायचा. टाकायचा नाही. मीही दीड तास खुडलं. माझे सहा क्रेट भरले तोवर शेजारच्या मावशींचे वीस झाले होते.

वायनरी म्हणजे पत्र्याची एक शेड. आत इन्सुलेशन, स्टीलच्या चार टाक्या, कोपऱ्यात ओकची दोन जुनी पिंपं. देठ काढणाऱ्या यंत्रातून मणी फुटून टाकीत पडतात. त्या वेळी रस पाहिला तर फिकट गुलाबी, मळकट. काळ्या द्राक्षाचा रस मुळात रंगहीनच असतो. रंग सालीतून उतरतो आणि त्याला दिवस लागतात. वहिनींनी यीस्ट कोमट पाण्यात फुलवलं. "विरजणच हे," त्या म्हणाल्या, "फक्त उलटलं तर दुसरं दूध मिळत नाही. पुढच्या मार्चपर्यंत थांबायचं."

दुसऱ्या दिवशी टाकी बोलू लागली. कान लावला तर आत पाऊस पडत असल्यासारखा आवाज. साखरेचं अल्कोहोल होताना निघणारा कार्बन डायऑक्साइड सालींना वर ढकलतो, त्यांचा हातभर जाड थर तरंगतो. तो दिवसातून तीनदा दाबून रसात बुडवायचा, नाहीतर रंग उतरत नाही आणि वरच्या सालींना आंबूस, शिरक्यासारखा वास धरतो. हे काम मी पाहिलं ते धास्तीनंच. टाकीच्या तोंडावर वायूचा अदृश्य थर साचलेला असतो, वाकून श्वास घेतला तर माणूस आत पडू शकतो. शेडचं दार सताड उघडं, पंखा चालू, जोडीला कायम दुसरा माणूस. वहिनींचा हा नियम आहे आणि तो मोडणं त्यांनी नवऱ्याचंही खपवून घेतलेलं नाही.

रोज सकाळी त्या टाकीच्या तोटीतून अर्धा पेला काढायच्या आणि मला चव विचारायच्या. तिसऱ्या दिवशी गोड, फेसाळ, पिकलेल्या करवंदांचा वास. पाचव्या दिवशी गोडी निम्म्यावर आणि आंबटपणा पुढे आलेला. तो ओळखीचा वाटला, पण नाव सापडेना. "चिंच," वहिनी म्हणाल्या, आणि ते अगदी खरं होतं. द्राक्षातलं मुख्य आम्ल टार्टारिक, आणि चिंचेतलंही तेच. मी वाइनच्या चवीबद्दल आजवर जे वाचलं होतं त्यात ब्लॅककरंट होतं, सिडार होतं, चेरी होती. यांतलं एकही झाड माझ्या दारात नव्हतं, म्हणून मला वाइनमधलं कळत नाही असं मी धरून चालले होते. माझ्या तोंडाला चिंच कळत होती, जांभूळ कळत होतं. शेजारच्या टाकीत पंधरा दिवस आधी खुडलेलं शिराझ होतं, त्यात काळी मिरी लागली. ती कल्पना नव्हे. शिराझच्या सालीत रोटुंडोन नावाचं द्रव्य असतं, मिरीला तिचा वास देतं ते हेच. ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ मध्ये ते ओळखलं. मलबारची मिरी पाट्यावर वाटणाऱ्या बाईला हा वास सांगायला कोणी लागत नाही.

आठव्या दिवशी गोडी संपली आणि तुरटपणा उरला.

रेड वाइनचा जीव त्यातच आहे, असं माझं मत झालं आहे. आपल्याकडे कषाय हा सहा रसांपैकी एक. आजचं शास्त्र त्याला चवीपेक्षा स्पर्श मानतं. टॅनिन लाळेतल्या प्रथिनांना धरून ठेवतं, तोंडातलं वंगण जातं, जीभ टाळूला घासते. मराठी माणूस या स्पर्शात जन्मभर वावरतो. आवळा, जांभूळ, हरड्याचं चूर्ण, केळफूल, सुपारी, कात. आणि इथे एक गोष्ट कळली, ती मला तेव्हापासून सोडत नाही. द्राक्षाच्या बीतलं टॅनिन ज्या रेणूंच्या साखळीनं बनतं त्यांतल्या एकाचं नाव कॅटेचिन. हे नाव आलं कॅटेचूवरून, आणि कॅटेचू म्हणजे आपला कात, खैराच्या लाकडाचा अर्क. बोर्दोतल्या आणि दिंडोरीतल्या वाइनच्या तुरटपणाचं शास्त्रीय नाव पानाच्या डब्यातून गेलेलं आहे.

दहाव्या दिवशी साली दाबून रस वेगळा केला. एक किलो द्राक्षाची ६०० ते ७०० मिली वाइन होते, बाकी देठ, बिया, चोथा. पुढे टाकीत आणखी एक काम चालतं. जिवाणू वाइनमधलं मॅलिक आम्ल, हिरव्या सफरचंदाचं, दह्यातल्या लॅक्टिक आम्लात बदलतात. आंबटपणा टोकाचा असतो तो ताकासारखा मऊ होतो. वहिनी लाकडाचा वापर जपून करतात. नव्या ओकच्या पिंपातून व्हॅनिलाचा, भाजल्याचा वास येतो, गिऱ्हाइकाला तो उंची वाटतो. त्यांची दोन्ही पिंपं वास देण्याच्या पलीकडे गेलेली आहेत, वाइनला थोडी हवा लागावी एवढ्यापुरतीच. मला हे पटलं. दोन एकरांतून आलेली मिरी व्हॅनिलाखाली कशाला पुरायची?

निघायच्या दिवशी वहिनींनी २०२० च्या खुड्याची कॅबर्ने उघडली. बाटली अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवली होती. रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी हा सल्ला थंड देशांतल्या खोल्यांचा. आपल्या मार्चमधल्या खोलीत ती प्यायली तर नुसतं अल्कोहोल नाकात जातं.

रंग जांभळा राहिलेला नव्हता, कडेला विटकरी झाक होती. पहिला वास वाळल्या जांभळांचा, मागून ओल्या मुरमाचा, थोडा तंबाखूच्या पानाचा. तोंडात आली तेव्हा आधी चिंचेची बारीक ओढ, मग तुरटपणा. तो आखडत नव्हता, सगळ्या जिभेवर सारखा पसरला आणि हळूहळू विरला. शेवटी घशाला थोडी ऊब जास्त लागली, आणि वासात याहून दोन पदर अधिक असते तर बरं झालं असतं. वहिनींनी ते स्वतःहून मान्य केलं. जेवायला काळ्या मसाल्याचं सुकं मटण, ज्वारीची भाकरी आणि वांग्याचं भरीत होतं. मटणाच्या चरबीबरोबर तुरटपणा निवळला आणि फळाची चव वर आली. भरताच्या करपल्या वासाशी तर तिचं फारच जुळलं. ठेच्याशी मात्र बिलकुल नाही. मिरची आणि टॅनिन एकमेकांना भडकवतात, तोंडाची आग होते.

आबा पंगतीत होते, त्यांच्या ताटात भरीत-भाकरी. त्यांनी बाटली उचलून लेबलावरचं साल डोळ्यांजवळ नेऊन वाचलं. आदल्या दिवाळीत पाऊस थांबायचं नाव घेत नव्हता, असं ते सांगू लागले. फुलोऱ्यातले घड कुजून गळाले, एकरी दोन टनही माल राहिला नाही. जो राहिला तो सुरेख पिकला, कारण वेलाला थोडंच पोसायचं होतं. खुडा झाला आणि आठवड्यात टाळेबंदी लागली. मजूर चालत सुरगाण्याला गेले. साली दाबायला माणसं नव्हती म्हणून त्या टाकीत सहा दिवस जास्त राहिल्या. शेवटी घरच्या चौघांनी रात्रभर जागून त्या दाबल्या. आबाही होते, बादल्या उचलायला.

"पहिली दोन वर्षं ही बाटली पिववत नव्हती," वहिनी म्हणाल्या. "इतकी तुरट."

आबांनी बाटली खाली ठेवली. "आणि आता? सुपारी का?"

"नाही आबा. कात."

त्यांनी मान हलवली, भाकरीचा शेवटचा तुकडा भरताला लावला, आणि उठताना मुलाला म्हणाले की उरलेला चोथा संध्याकाळच्या आत कॅबर्नेच्या ओळीत पसरून घे, उद्या ढग आहेत.