लॅपटॉप सुरू होईना तर?

बैल बसला, तर आपण त्याला लगेच बाजार दाखवतो का? नाही. आधी तपासतो. लॅपटॉपचेही तसेच.

बटण दाबताच लॅपटॉप स्वतःच स्वतःला तपासतो. मोठी खोट सापडली, तर कधी पडदा काळाच राहतो; पण पुष्कळ लॅपटॉपांचा दिवा लुकलुकतो. ती लुकलुक मोजावी.

पडदा उजळत असेल, तर आणखी तपासता येते. एचपीच्या लॅपटॉपचे बटण दाबून लगेच एस्केपची कळ पुन्हा पुन्हा दाबावी, मग एफ २. डेलच्या लॅपटॉपवर एफ १२ दाबून डायग्नोस्टिक्स निवडावे. जो भाग नापास होतो, त्याचा खुणेचा आकडा पडद्यावर येतो. तो उतरवून घ्यावा.

आमचा लॅपटॉप पाहून एक दुकानदार म्हणाला, "गेला हा. नवा घ्या." आम्ही आकडा दाखवला. गेली होती फक्त मेमरीची पट्टी!

आता आपल्याला आकडे वाचता येतात. मग फसायचे कशाला?